एकमेकांचे जामीन : न्यूयॉर्कमधील मालकांचा गट-स्वयंविमा आणि त्याची तूट

न्यूयॉर्क राज्यात कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी १ जुलै १९१४ पासून कायद्याने मालकावर आहे. ती पेलण्याचे तीन मार्ग कायद्याने सुरुवातीलाच दिले होते. मालकाने विमा कंपनीकडून विमा घ्यावा, राज्याच्या विमा निधीत हप्ता भरावा, किंवा राज्याकडे पुरेसे तारण ठेवून भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी. या तिसऱ्या मार्गाला स्वयंविमा म्हणतात. १९६६ मध्ये त्याला एक फाटा फुटला. एकाच प्रकारच्या धंद्यातल्या अनेक मालकांनी मिळून ट्रस्ट काढायचा, सगळ्यांनी त्यात वर्गणी भरायची आणि सगळ्यांच्या कामगारांची भरपाई त्यातून द्यायची, अशी ही सोय होती. चाळीस वर्षांनंतर हे ट्रस्ट एकामागून एक बुडाले. त्यांतली तूट भरून काढण्याची वेळ हजारो लहान-मोठ्या मालकांवर आली आणि त्यांपैकी पुष्कळांना आपण कशावर सही केली होती, हे तेव्हा प्रथम कळले.

ही जबाबदारी इतकी कडक का होती, हे समजण्यासाठी १९१४ च्या आधीची स्थिती पाहावी लागते. त्या काळी जखमी कामगाराला भरपाई हवी असेल तर मालकावर दिवाणी दावा लावून त्याची चूक सिद्ध करावी लागे. मालकाच्या हाती तीन हुकमी बचाव असत. अपघातात कामगाराचाही हलगर्जीपणा होता, हा पहिला. धोका ठाऊक असूनच त्याने काम पत्करले, हा दुसरा. तिसरा सर्वांत कठोर होता : अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला असेल तर मालक जबाबदारच नाही. या तिसऱ्या बचावाची सुरुवात इंग्लंडमध्ये १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर खटल्यापासून मानली जाते. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी रेल्वेच्या एका इंजिनचालकाच्या दाव्यात तो अमेरिकेत पक्का केला. गिरण्या, खाणी आणि रेल्वे वाढत गेल्या तसा या तीन बचावांचा अर्थ एवढाच उरला की अपघाताचा खर्च कामगाराच्या घराने सोसायचा.

क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईंनी पेन्सिल्व्हेनियातील ॲलेगेनी काउंटीत, म्हणजे पिट्सबर्गच्या परिसरात, जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात कामावर झालेल्या ५२६ मृत्यूंचा छडा लावला. कोण मेला, कसा मेला, त्याच्या मागे कोण उरले आणि त्यांना काय मिळाले, याची नोंद त्यांनी घरोघरी जाऊन केली. त्यांचे पुस्तक १९१० मध्ये आले. त्याच सुमारास न्यूयॉर्कने जोनाथन मेह्यू वेनराइट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाच्या सचिव म्हणून त्या काम करत होत्या. या आयोगाच्या शिफारशीवरून १९१० मध्ये राज्याने धोक्याच्या धंद्यांसाठी सक्तीचा भरपाई कायदा केला. २४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आइव्हज विरुद्ध साउथ बफेलो रेल्वे या खटल्यात तो घटनाबाह्य ठरवला. ज्याची चूक नाही त्याच्याकडून पैसे घेणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, मॅनहॅटनमधील ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ जण मेले. बहुतेक सगळ्या स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली आणि बायका होत्या. कारखान्याच्या मालकांवर फौजदारी खटला झाला आणि ते सुटले. १९१४ मध्ये २३ दिवाणी दावे प्रत्येक मृत्यूमागे ७५ डॉलर देऊन मिटवण्यात आले. या रकमेइतका जुन्या व्यवस्थेविरुद्धचा सडेतोड पुरावा दुसरा नाही.

१९१३ च्या नोव्हेंबरात मतदारांनी राज्यघटना दुरुस्त केली आणि नव्या कायद्याची वाट मोकळी झाली. कायद्यामागे एक सौदा होता. कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा आणि त्याबदल्यात, चूक कोणाची हे न पाहता, मालकाने ठरलेली भरपाई नक्की द्यायची. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा सौदा वैध ठरवला. पुढच्या साऱ्या कहाणीत ‘नक्की’ या शब्दाचे वजन लक्षात ठेवावे लागते. कामगाराने आपला हक्क गमावला आहे. तेव्हा मालक बुडाला, विमा कंपनी बुडाली किंवा ट्रस्ट बुडाला, तरी पैसे कुठून तरी आलेच पाहिजेत.

रेल्वे किंवा मोठी पोलाद कंपनी एकटीच्या बळावर स्वयंविमा करू शके. दहा-वीस माणसे कामाला ठेवणारा छपराचा ठेकेदार किंवा वृद्धांच्या घरी परिचारिका पाठवणारी छोटी संस्था यांना ते शक्य नव्हते. त्यांना विमा कंपनीच्या दारात उभे राहावे लागे आणि कंपनी सांगेल तो दर द्यावा लागे. बांधकाम, मालवाहतूक, रुग्णसेवा या धंद्यांत इजा जास्त, म्हणून दरही चढे. कित्येकदा कंपन्या अशांना दारात उभेच करत नसत. गट-स्वयंविम्याचे आकर्षण इथे होते. विमा कंपनीचा नफा वाचेल, दलाली वाचेल, आपल्याच धंद्यातले लोक विश्वस्त असतील, सुरक्षिततेचे नियम आपणच पाळू आणि अपघात कमी झाले तर उरलेले पैसे आपल्यालाच परत मिळतील, असा हिशेब होता. मुळात तो खोटा नव्हता. नीट चालवलेल्या गटांनी तो खरा करूनही दाखवला.

मालकांनी एकत्र येऊन अपघातांचा भार वाहण्याची कल्पनाही जुनीच होती. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८४ च्या अपघात विमा कायद्याने प्रत्येक उद्योगातल्या मालकांचे संघ बनवले आणि भरपाई या संघांवर सोपवली. सरलेल्या वर्षी जितका खर्च झाला, तितका सभासदांमध्ये वाटून वसूल करायचा, अशी त्यांची रीत होती. ती टिकली, कारण सभासदत्व सक्तीचे होते. त्या उद्योगात कारखाना काढला की मालक संघात आलाच. आजच्या अपघाताचे पैसे पुढे वीस वर्षे द्यायचे असले तरी वीस वर्षांनंतरही संघात मालक असणार, याची खात्री होती. न्यूयॉर्कच्या ट्रस्टांत येणे-जाणे ऐच्छिक होते. बाजारात विमा स्वस्त झाला की सभासद नोटीस देऊन बाहेर पडू शकत. म्हणून अपघात ज्या वर्षी झाला त्याच वर्षी त्याचा पुढचा सगळा खर्च अंदाजाने धरून तेवढी रक्कम बाजूला काढणे, हाच इथे एकमेव भक्कम आधार होता. तो आधारच पुढे ढिला पडला.

या राखीव रकमेचा अंदाज किती अवघड असतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दिसेल. २००१ साली आठवड्याला ६०० डॉलर मिळवणारा एक ३५ वर्षांचा कामगार शिडीवरून पडला आणि कायमचा पूर्ण अपंग झाला. कायद्याप्रमाणे त्याला पगाराच्या दोन-तृतीयांश, म्हणजे आठवड्याला ४०० डॉलर मिळणार. १९९२ पासून २००७ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये हीच कमाल मर्यादाही होती. वर्षाचे झाले २०,८०० डॉलर. तो सत्तरीपर्यंत जगला तर ३५ वर्षांत ७ लाख २८ हजार डॉलर होतात आणि औषधपाणी, शस्त्रक्रिया, इस्पितळ हे सगळे त्याहून वेगळे. पाठीच्या दुखण्यासारख्या अंशतः अपंगत्वात तर पडल्यावर पहिली दोन-तीन वर्षे डॉक्टरांनाही शेवट सांगता येत नाही. आणि २००७ च्या सुधारणेपूर्वी अशा कायमच्या अंशतः अपंगत्वाच्या साप्ताहिक भरपाईलाही वर्षांची मर्यादा नव्हती. ती आयुष्यभर चालू शके. अशा दाव्यापोटी ट्रस्टने पहिल्या वर्षी दीड लाख डॉलर धरले, तर ताळेबंद सुरेख दिसतो आणि वर्गणीही कमी ठेवता येते. खरे देणे समोर यायला दहा वर्षे लागतात.

ट्रस्टात शिरताना मालक ज्या करारावर सही करत त्यात एक कलम असे. आपल्या सभासदत्वाच्या काळातील ट्रस्टच्या सर्व देण्यांबद्दल सगळे सभासद संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणेही जबाबदार राहतील, असा त्याचा आशय होता. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या कोणाही मराठी माणसाला या भाषेची ओळख आहे. हिंदुस्थानात १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण संस्थांच्या सभासदांवर घातलेली अमर्यादित जबाबदारीही याच जातीची होती. दहा सारख्याच मालकांच्या ट्रस्टात १० लाखांची तूट निघाली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक लाख येतात. त्यांतल्या तिघांचे धंदे आधीच बंद पडले असतील, तर उरलेल्या सातांना सुमारे १ लाख ४३ हजार प्रत्येकी द्यावे लागतात. नऊ बुडाले तर दहाव्याकडून पूर्ण दहा लाख मागता येतात. त्याच्या स्वतःच्या कारखान्यात कधी कोणाला खरचटलेदेखील नसले तरी. ट्रस्ट सोडून गेलेला माणूसही सुटत नाही. तो ज्या वर्षांत सभासद होता, त्या वर्षांच्या अपघातांचे देणे त्याच्या मागे राहते.

कामगाराच्या बाजूने पाहिले तर हे कलम न्याय्य आहे आणि आवश्यकही आहे. विमा कंपनी बुडाली तर तिच्यामागे हमी निधी असतो. ट्रस्टामागे असे काही नव्हते. सभासदांचे धंदे हीच त्याची हमी होती. खटकते ते इतकेच की हे कलम करारात होते, विक्रीच्या बोलण्यात नव्हते. तिथे बोलणे होते सवलतीचे.

१९९० च्या दशकात गटांची संख्या झपाट्याने वाढली. आता पुष्कळ ट्रस्ट धंदेवाल्यांनी आपणहून काढलेले नव्हते. ते काढले होते त्यांचे व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्यांनी. कायद्याने कारभार विश्वस्तांचा, पण विश्वस्त म्हणजे आपापले दुकान सांभाळणारे मालक. वर्गणी ठरवणे, दावे हाताळणे, नवे सभासद आणणे, राज्याच्या कामगार भरपाई मंडळाकडे अहवाल पाठवणे, हे सगळे व्यवस्थापक कंपनी करे. तिचे शुल्क बहुधा जमा वर्गणीच्या टक्केवारीत असे, म्हणजे सभासद जितके वाढतील तितकी तिची मिळकत. सभासद वाढवायचे तर दर बाजारापेक्षा कमी हवा. दर कमी ठेवायचा तर राखीव रक्कम कमी दाखवायला हवी. तूट निघाली तर ती भरणार सभासद, कंपनी नव्हे. ज्याच्या हाती दर ठरवणे आहे त्याच्यावर तोट्याचा भार नाही, अशी ही रचना होती. सारा दोष एखाद्या लबाड माणसावर ढकलून भागत नाही, तो इथे आहे. प्रामाणिक व्यवस्थापकालाही या रचनेत आशावादी आकडा धरण्याचाच मोह होणार.

सर्वांत गाजलेले प्रकरण पकीप्सी येथील कम्पेन्सेशन रिस्क मॅनेजर्स या कंपनीचे. रुग्णसेवा, बांधकाम ठेकेदार, उत्पादक, किरकोळ व घाऊक व्यापार, वाहतूक अशा निरनिराळ्या धंद्यांचे आठ ट्रस्ट तिच्याकडे होते. तिची मूळ कंपनी २००५ च्या अखेरीस नॅसडॅक शेअर बाजारात आली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तिच्या हातातील ट्रस्टांचे ताळेबंद उघडे पडू लागले. रुग्णसेवा उद्योगाचा मोठा ट्रस्ट त्यात होता. राज्याच्या कामगार भरपाई मंडळाने हे ट्रस्ट ताब्यात घेतले, जुन्या दाव्यांची नव्याने मोजणी करवली आणि डिसेंबर २००९ मध्ये कंपनीवर दावा लावला. दाव्यात मागितलेली रक्कम पुढे ४७ कोटी २० लाख डॉलरवर गेली. राखीव रकमा जाणूनबुजून कमी दाखवल्या, दर अपुरे ठेवले आणि सभासदांना ट्रस्टच्या प्रकृतीबद्दल अंधारात ठेवले, असे मंडळाचे आरोप होते. राज्याच्या ॲटर्नी जनरलनेही पावले उचलली. मूळ कंपनीने पुढे नाव बदलले आणि २०११ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोर कंपनीकडून वसूल होऊन होऊन किती होणार? तूट सभासदांच्याच गळ्यात राहिली.

न्यूयॉर्क यात एकटे नव्हते. केंटकीत राज्यभरच्या हजारो मालकांचा एक मोठा गट निधी २००४ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला होता आणि तिथेही तूट सभासदांवर बसवावी लागली. हा इशारा न्यूयॉर्कला दोन-चार वर्षे आधी मिळाला होता.

मंडळाची पत्रे मालकांच्या हाती पडू लागली तेव्हा अनेकांचा त्यांवर विश्वास बसला नाही. पत्रात ट्रस्टचे नाव, सभासदत्वाची वर्षे, त्या वर्षांची तूट आणि आपल्या वाट्याचा आकडा असे. ज्यांनी ट्रस्ट कधीच सोडून रीतसर विमा घेतला होता, त्यांनाही ती आली. वर्गणीतल्या सवलतीने वर्षाकाठी जे वाचले होते, त्याच्या कितीतरी पट रक्कम आता मागितली जात होती. नाबाद उरलेल्या सभासदांवर बाद झालेल्यांचा वाटा येई, त्या भाराने आणखी काही कोलमडत, मग उरलेल्यांचा आकडा पुन्हा वाढे. घरी जाऊन रुग्णसेवा देणाऱ्या संस्था आणि शुश्रूषागृहे सरकारी दराने चालतात. आलेला बोजा ग्राहकावर टाकण्याची सोय त्यांना नव्हती, म्हणून त्यांची कोंडी सर्वांत वाईट झाली. मंडळाने तडजोडीच्या योजना आणि हप्ते दिले. ते अनेकांनी घेतले, बाकीचे न्यायालयात गेले. सभासदांनी व्यवस्थापकांवर, विमागणितज्ञांवर आणि लेखापरीक्षकांवर दावे लावले. मंडळाने थकबाकीदार सभासदांवर लावले. हे खटले पुढे वर्षानुवर्षे चालले.

याहून अधिक अन्याय एका वेगळ्या वर्गावर झाला, असे म्हणणे भाग आहे. बुडालेल्या ट्रस्टांच्या कामगारांना लगेच पैसे देणे आवश्यक होते आणि सभासदांकडून वसुलीला वेळ लागणार होता. कायद्याने मंडळाला मधली रक्कम इतर स्वयंविमाधारकांकडून आकारण्याचा अधिकार दिला होता. मंडळाने तो वापरला. परिणामी ज्या गटांनी दर योग्य ठेवले, राखीव रक्कम पुरी धरली आणि सवलतीच्या मोहाने सभासद गमावणेही पत्करले, त्यांच्यावरच परक्यांच्या तुटीचा भार पडला. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. काही सुदृढ गटांनी तर हा भार वाढत जाण्याच्या भीतीने आपला गाशा गुंडाळला. ज्यांनी व्यवस्था नीट चालवली तेच बाहेर पडू लागले, तेव्हा ती वाचवण्यात अर्थ उरला नाही.

मंडळावरही दोष येतोच. वार्षिक हिशेब आणि विमागणिती अहवाल दरवर्षी त्याच्याकडे येत होते. परंतु व्यवस्थापकाने नेमलेल्या माणसाने काढलेला आकडा खरा मानून पुढे जाणे, म्हणजे देखरेख नव्हे. दाव्यांच्या फायली उघडून फेरमोजणी झाली ती ट्रस्ट बुडाल्यानंतर. दोन-तीन वर्षांची तूट वेळीच पकडली असती तर ती त्या वेळच्या सभासदांना पेलण्याजोगी होती. दहा वर्षांची साचलेली तूट पेलण्याजोगी राहिली नाही.

राज्याने नेमलेल्या कृतिदलाने २०१० मध्ये आपला अहवाल दिला आणि २०११ च्या अर्थसंकल्पी कायद्याने या व्यवस्थेवर पडदा टाकला. त्या वर्षाच्या अखेरीस बहुतेक गटांनी काम थांबवायचे होते. नव्या गटांना दार बंद झाले आणि पुरेसा निधी असलेल्या मोजक्या जुन्या गटांनाच कडक अटींवर राहू दिले. २०१३ च्या कायद्याने उरलेल्या तुटीसाठी मंडळाच्या वतीने ९० कोटी डॉलरपर्यंतचे रोखे काढण्याची परवानगी दिली. जुन्या दाव्यांचे देणे एकरकमी मोबदला देऊन विमा कंपन्यांकडे सोपवावे, म्हणजे सभासदांच्या वाट्याचा आकडा एकदाचा ठरेल आणि दरवर्षी नवे पत्र येणार नाही, असा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुमारे ३७ कोटी डॉलरचे रोखे विकले गेले.

या सगळ्या काळात जखमी कामगारांच्या भरपाईची जबाबदारी मंडळाने सोडली नाही. १९१४ च्या सौद्यातला ‘नक्की’ हा शब्द त्या अर्थाने पाळला गेला. पण त्याची किंमत शेवटी सभासदांपुरती राहिली नाही. रोख्यांच्या परतफेडीसाठी तारण ठेवले गेले ते राज्यातील सर्व मालकांकडून वसूल होणाऱ्या आकारणीचे उत्पन्न. कोणत्याही ट्रस्टात कधीही सही न केलेले मालकही त्या आकारणीत मोडतात.